दुखतं म्हणजे नक्की काय

मास्तरांची खालची उजवी दाढ गेली ती एका चिमुरडीच्या टाचेमुळे. पोहण्याच्या तलावाच्या उथळ टोकाला ते तिला पाय कसे मारायचे ते शिकवत होते. "जोरात मार, अजून जोरात," असं म्हणत ते तिच्या पायांकडे वाकले, आणि तिने मास्तरांचं अक्षरशः ऐकलं. दाढ लगेच पडली नाही. आतून तडकली, वर्षभर कुरकुरत राहिली आणि शेवटी काढावी लागली. तेव्हापासून मास्तर एकाच बाजूने चावत होते आणि त्यांची मोठी बहीण रोज जेवताना त्यांच्याकडे बघून म्हणत होती, "बाळ्या, तू एका बाजूने म्हातारा दिसायला लागलास."

हा बाळ्या साठीला टेकलेला होता. तलावावर त्याला सगळे शिट्टीमास्तर म्हणत, कारण माणूस तोंडाने कमी आणि शिट्टीने जास्त बोलायचा. एक लांब शिट्टी म्हणजे थांबा, दोन तोकड्या म्हणजे निघा, आणि तुटक तुटक वाजली की कुणाच्या तरी आईला बोलावणं जाणार. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. ताईने लग्नच केलं नव्हतं. तिने सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली, त्यामुळे एका बाजूचं बोलणं ऐकून दुसऱ्या बाजूचं ओळखण्यात तिचा हात कुणी धरला नसता. दोघं भावंडं एकाच घरात राहत, एकमेकांच्या चुका काढत, आणि त्यांचं बरं चाललं होतं.

मास्तर खोल पाण्यात तळाशी डोळे उघडे ठेवून बसू शकत. दाताच्या दवाखान्याचा जिना मात्र ते दर पायरीला थांबत चढायचे. डॉक्टरीण त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. लहानपणी ती तलावाचा कठडा सोडायला तयार नसायची आणि मास्तर तिला विचारायचे, "भीती वाटते की थंडी वाजते, ते आधी ठरव. मग रड." आता खुर्ची तिची होती.

"दाढेच्या जागी हाडात एक लहानसा स्क्रू बसवायचा, सर," ती म्हणाली. "हाड हळूहळू त्याला घट्ट धरतं. मग त्यावर दात."

"दुखेल?"

"बसवताना नाही. नंतर काहीतरी होईल. काहीच होणार नाही असं मी कुणाला सांगत नाही."

खरंच, बसवताना दुखलं नाही. शेजारच्या घरात कुणी भिंतीत खिळा ठोकत असावं तसा आवाज मात्र झाला, आणि ती भिंत आपली आहे एवढीच काय ती अडचण. दाब जाणवला, थरथर जाणवली, डोळ्यांसमोर डॉक्टरणीच्या चष्म्यात स्वतःचं उघडं तोंड दिसलं ते बघवलं नाही. टाके घालून झाले. गालावर बर्फाची पिशवी देऊन त्यांना बाजूच्या खोलीत अर्धा तास बसायला सांगितलं.

तिथे आधीच एक बाई बसल्या होत्या. पन्नाशी ओलांडलेल्या, गळ्यात शिंप्याची टेप, डाव्या गालावर तशीच पिशवी. त्यांची दाढ डावीकडची होती, ऑपरेशन मास्तरांच्या आधी झालं होतं. दोघंही शेजारी बसले तर मधोमध दोन पिशव्या येतील आणि एकमेकांचं तोंडच दिसणार नाही, म्हणून बाईंनी खुर्ची फिरवून समोर घेतली.

"तुमचं वरचं की खालचं?" त्यांनी विचारलं.

मास्तर म्हणाले "खालचं". अर्धा ओठ बधिर होता, त्यामुळे ते "खायचं" असं बाहेर आलं.

"इतक्यात नाही खायचं," बाई काळजीने म्हणाल्या. "बधिरपणा उतरू दे म्हणाल्यात."

मास्तरांनी बोटाने खाली दाखवलं. बाईंना कळलं. मग रीत म्हणून मास्तरांनी विचारलं, तुम्ही काय करता.

"मी हडदे शिवते."

मास्तरांना ऐकू आलं, हाडं शिवते. ते खुर्चीत जरा सावरून बसले आणि आदराने म्हणाले, "म्हणजे ऑपरेशनं करता?"

"नाही हो. हडदे. खिडकीचे." बाईंनी हवेत दोन्ही हातांनी पडदा सरकवून दाखवला. "आणि तुम्ही?"

"मी ओहायला शिकवतो."

"ओवायला?" बाईंनी भुवया उंचावल्या. "सुईत दोरा? ते मला येतं."

मास्तरांनी हाताने पाणी कापून दाखवलं. एक हात, दुसरा हात, मधेच श्वास घ्यायला मान बाजूला. बर्फाची पिशवी मांडीवर पडली. बाईंना आधी कळलं, मग हसू आलं, आणि हसू तोंडाच्या एकाच बाजूने येतंय हे लक्षात आल्यावर आणखी हसू आलं. त्यांचं बघून मास्तरांचंही सुटलं. दोघांच्या हनुवटीवरून लाळ ओघळली. दोघांनीही ती स्वतःची पुसायची सोडून बोटाने एकमेकांची दाखवली.

डॉक्टरीण दारात येऊन उभी राहिली. "टाके घातलेत. हसायचं नाही."

त्यावर तर दोघांना श्वास घेणं मुश्कील झालं. शेवटी डॉक्टरीण स्वतःच स्टूल ओढून बसली आणि दोघांचा आवेग ओसरल्यावर तिने एकदमच सांगून टाकलं. आज बधिर वाटेल. उद्या-परवा सूज चढेल, जड वाटेल, गाल कदाचित पिवळा-निळा दिसेल. टाके ओढतील. मऊ खा, दुसऱ्या बाजूने चावा. "आणि एक नीट ऐका. स्क्रूला नस नसते. तो दुखत नाही. दुखतं ते त्याच्या आजूबाजूचं, आणि ते रोज थोडं थोडं उतरत जायला हवं. उतरलेलं परत चढलं, ताप आला, घाण चव आली, काही हलल्यासारखं वाटलं, तर लगेच फोन."

"शिट्टी?" मास्तरांनी विचारलं.

"बंद. फुंकायचं नाही, स्ट्रॉने ओढायचं नाही, पाण्यात उतरायचं नाही. टाके निघाले की बघू." मग ती बाईंकडे वळली. "आणि तुम्ही तोंडात टाचण्या धरायच्या नाहीत. दाताने दोरा तोडायचा नाही."

"मग टाचण्या ठेवू कुठे?"

"बाकीचे लोक ठेवतात तिथे."

निघताना बाईंनी मास्तरांचा नंबर घेतला. कारणही सांगितलं. "तुमचं सुजलं की मला कळवा. म्हणजे माझं सुजलं तर मी घाबरणार नाही."

दुसऱ्या दिवशी मास्तर आरशात बघायला गेले आणि तिथे त्यांच्याऐवजी कुणीतरी गुबगुबीत माणूस उभा होता. ताईने चहाचा कप खाली ठेवून निरखून पाहिलं आणि म्हणाली, "आता त्या बाजूने तरुण झालास." मास्तरांनी घाईघाईने दवाखान्यात फोन लावला.

"दुखतंय."

"दुखतंय म्हणजे नक्की काय?" डॉक्टरीण म्हणाली. "सर, मला भीती आणि थंडी वेगळी करायला तुम्हीच शिकवलंत. आता नीट सांगा."

मास्तरांनी आयुष्यभर हेच दुसऱ्यांना विचारलं होतं. आपल्यावर वेळ आली तर शब्दच नाही. "विचार करून सांगतो," म्हणत त्यांनी फोन ठेवला आणि पडदेवाल्या बाईंना लावला.

"ठणकतंय का?" बाईंनी विचारलं. "नाडीसारखं, ठण ठण?"

"नाही."

"सणक येते? एकदम, कानापर्यंत?"

"नाही."

"चुरचुरतं? की नुसतंच जड आहे? भिजलेली चादर वाळत घातली की दोरी कशी खाली ओढली जाते, तसं?"

मास्तरांनी डोळे मिटून आपल्या जबड्यात डोकावून पाहिलं. भिजलेली चादर तिथेच होती. त्यांनी परत दवाखान्यात फोन करून जसंच्या तसं सांगितलं.

"सर, फार छान सांगितलंत. ती सूज आहे. उद्यापर्यंत वाढेल, मग उतरायला लागेल. बर्फ लावा आणि निवांत पडा."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. ही बातमी बाईंना सांगायला हवी होती, म्हणून त्यांनी तिसरा फोन केला. ताई खिडकीशी शेंगा सोलत होती. तिचा सोलण्याचा वेग मंदावला.

त्यानंतर रोज संध्याकाळी फोन होऊ लागला. कारण दाढेचंच. आज टाका टोचतोय. आज टोचत नाही, हुळहुळतंय. जीभ सारखी तिथेच जाते, नव्या भाडेकरूच्या घरात डोकावल्यासारखी. गालावरचा डाग आता पिकल्या केळ्याच्या रंगाचा झालाय, तुमचा? माझा अजून वांग्यावर आहे. मास्तर दिवसभर तलावाच्या काठावर उभे राहून संध्याकाळसाठी शब्द गोळा करत. 'शिवशिवणं' त्यांना दुपारी सुचलं तेव्हा ते इतके खूश झाले की एका मुलाला उगाचच शाबासकी दिली.

ताई आता विचारायची, "आज किती वेळ दुखलं?"

"पाऊण तास," मास्तर प्रामाणिकपणे सांगायचे.

तलावावर शिट्टीवाचून पंचाईत झाली होती. ओरडून सांगावं तर टाके ओढत, आणि पाण्यातल्या मुलांना ऐकू जात नसे. बाईंना हे फोनवर कळलं. त्यांनी मास्तरांना दुकानात बोलावून घेतलं. लांबट खोली, भिंतीभर कापडाचे गठ्ठे, मधे दरवाजाएवढं टेबल, इस्त्रीच्या वाफेचा गरम ओलसर वास आणि डब्यांतून पितळी कड्या. बाईंनी उरलेल्या कापडाचे दोन झेंडे शिवून ठेवले होते, काठीला नीट दुमड घालून, कडेला शिवणीची दुहेरी ओळ मारून. एकावर मोठे गुलाब, दुसऱ्यावर पट्टे.

"गुलाब म्हणजे थांबा, पट्टे म्हणजे निघा," बाई म्हणाल्या. "की उलट?"

"नाही, हेच बरोबर. गुलाब बघून माणूस थांबतोच," मास्तर म्हणाले, आणि आपण काय बोललो हे कळून त्यांचा न सुजलेला गालही गरम झाला.

झेंड्यांनी तलावावर धमाल उडाली. मुलं गुलाब बघण्यासाठी मुद्दाम चुकीच्या ओळीत घुसू लागली. पालक काठावर येऊन फोटो काढू लागले. मास्तर पट्टे हलवत असे ऐटीत उभे राहत, जणू त्यांच्या इशाऱ्यावर आता तलावातून जहाजच निघणार आहे.

टाके निघाले. शिट्टीला परवानगी मिळाली, पण मास्तरांनी झेंडे काही सोडले नाहीत. फोनही चालू राहिला. आता कळवण्यासारखं फारसं काही नसे. हिरडीवर स्क्रूची बारीक टोपी होती, तिला जीभ लागली की गार वाटतं, एवढंच. त्यावरही अर्धा तास सहज निघायचा.

मग एका संध्याकाळी मास्तरांनी विचारलं, "कसं आहे?" आणि बाई म्हणाल्या, "बरं."

दुसऱ्या दिवशीही "बरं". तिसऱ्या दिवशी "बरं आहे हो, कामात आहे."

मास्तर फोन हातात धरून बसले. एका टाक्याच्या टोचण्याला ज्यांच्याकडे डझनभर शब्द, त्यांचं आता एका शब्दावर भागत होतं. ताई म्हणाली, "एक्स्चेंजमध्ये असं कुणी बोललं ना, की आम्ही समजायचो, काहीतरी लपवतंय." मास्तरांनी चपला घातल्या.

बाई दुकानात जमिनीवर बसल्या होत्या. एका नाटकगृहाच्या पडद्याचं काम मिळालं होतं, त्यांच्या दुकानाला आजवर मिळालेलं सगळ्यात मोठं काम. किरमिजी मखमल खोलीभर पसरली होती आणि मधोमध त्या, मानेपर्यंत मखमलीत. तोंडात टाचण्यांची रांग. मास्तरांना बघताच त्यांनी टाचण्या हातात घेतल्या, पण उशीर झाला होता.

"आ करा," मास्तर म्हणाले.

"तुम्ही काय डॉक्टर आहात?"

"डॉक्टर नाही. पण थंडीने ओठ निळे पडलेली मुलं मला रोज सांगतात की अजून पाच मिनिटं राहू द्या. त्यांचा चेहरा कसा दिसतो ते मला माहीत आहे. आत्ता तुमचा तसा दिसतोय."

बाईंनी मखमलीवरून हात फिरवला. उलटा फिरवला तसं कापड काळपट झालं. मग म्हणाल्या, "उतरलं होतं. परत चढलंय. ठणकतंय."

"मग सांगितलं का नाहीत?"

"डॉक्टर म्हणतील स्क्रू काढा. सगळं पहिल्यापासून. आणि हे काम अर्धं राहिलंय." टाचण्या डबीत टाकत त्या म्हणाल्या, "शिवाय तुम्ही घाबरला असतात. आपलं ठरलं होतं ना, दुसऱ्याने घाबरायचं नाही."

"मी घाबरलोच आहे," मास्तर म्हणाले. "आता ते वाया कशाला घालवायचं? चला."

बाई उठल्या. अंगावरून मखमल ओसरून खाली पडली.

दवाखान्यात बाई आत गेल्या आणि मास्तर बाहेर बसले. त्यांचाही जबडा दुखायला लागला. इकडे ठणका, तिकडे कळ, सगळंच एकदम. शेवटी त्यांच्या लक्षात आलं की ते मघापासून दातावर दात दाबून बसलेत. त्यांनी तोंड उघडं ठेवलं. समोर बसलेल्या एका पेशंटने तेवढ्यात जागा बदलली.

डॉक्टरणीने दार उघडून त्यांना आत बोलावलं. तिच्या चिमट्यात काहीतरी होतं. उजेडात धरून तिने दाखवलं. मखमलीचा किरमिजी धागा.

"टोपी सैल झाली होती. तिच्याखाली हा जाऊन बसला. हिरडी रागावली," ती म्हणाली. "एक्सरे काढला. हाड छान आहे, स्क्रू जागचा हललेला नाही. साफ केलंय, टोपी घट्ट केलीय, औषध देते. आणखी आठवडाभर अंगावर काढलं असतं तर मात्र मी हे असं हसत सांगितलं नसतं." मग बाईंकडे वळून, "टाचण्या?"

"थोड्याच," बाई म्हणाल्या.

"दोरा?"

बाईंनी छताकडे पाहिलं. ही कबुली त्यांनी डोळ्यांनीच दिली. मास्तरांना एवढं हलकं वाटलं की त्यांनी डॉक्टरणीचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. चिमट्यातला धागा उडून कुठे गेला कुणाला कळलं नाही.

बाईंचा दात बसवायचं काम या भानगडीमुळे पुढे गेलं. मास्तरांची वेळ आधी आली. हाडाने स्क्रू घट्ट धरला होता. मापं झाली, दात बनून आला, बसला. पहिल्यांदा तोंड मिटलं तेव्हा तो उंच लागला, चपलेखाली खडा आल्यासारखा. हे मास्तरांनी न विचारता सांगितलं. डॉक्टरणीने निळा कागद चावायला दिला, जिथे डाग उमटला तिथे जरासं घासलं, परत कागद, परत घासणं, आणि खडा नाहीसा झाला. "चार दिवस शेजारच्या दातांना दाटी झाल्यासारखी वाटेल. बाकावर एक माणूस जास्त बसला की होतं तशी. मग सवय होते," ती म्हणाली. "झालं, सर. आता सहा महिन्यांनी दाखवा."

मास्तर गड जिंकल्यासारखे बाहेर पडायला हवे होते. ते सहा महिने मोजत बाहेर पडले.

चार दिवस दाटीवर निघाले. पाचव्या दिवशी फोनवर बाईंनी विचारलं, "आज कसं?"

मास्तरांनी खूप शोधलं. वर, खाली, हिरडीच्या मागे. "काहीच होत नाही," ते म्हणाले.

"काहीच नाही?"

"नाही."

"बरं झालं," बाई म्हणाल्या. "मग ठेवू?"

"ठेवा."

ताईने घड्याळाकडे पाहिलं. "आज बरा झालास वाटतं," ती म्हणाली. मास्तर जेवले नाहीत. दोन्ही बाजूंनी चावता येत होतं, तरी जेवले नाहीत. तलावावर त्यांनी पट्ट्यांच्या जागी गुलाब दाखवला आणि शर्यत सुरू व्हायच्या ऐवजी सगळी मुलं काठाला धरून लोंबकळत राहिली.

बाईंचा दात बुधवारी बसणार होता. मास्तरांनी मंगळवारी दवाखान्यात फोन केला. थोडा त्रास आहे. नाही, आज नको. उद्या जमेल. उद्या सकाळीच.

डॉक्टरणीने निळा कागद दिला. बारीक आरशाने चारही बाजूंनी पाहिलं. दातावर टकटक केलं, हिरडी दाबून बघितली.

"काय होतं, सर?"

"अस्वस्थ वाटतं."

"चावताना?"

"नाही. संध्याकाळी."

"गार-गरम?"

"नाही. फोन ठेवला की."

डॉक्टरणीने आरसा ट्रेमध्ये ठेवला, हातमोजे काढले आणि स्टूलवर बसून त्यांच्याकडे बघत राहिली. "हे माझ्याकडचं नाही," ती म्हणाली. "बाहेर बसल्यात त्यांच्याकडचं आहे. त्यांनी आल्यापासून दोनदा विचारलं, मास्तर आलेत का. आता उठा, त्यांना या खुर्चीत बसायचंय."

मास्तर बाहेर आले. बाई विणलेल्या पिशवीत काहीतरी शोधत असल्याचं दाखवत होत्या.

"काय निघालं?" त्यांनी विचारलं.

"काही निघालं नाही."

"मग आलात कशाला?"

मास्तरांनी त्यांच्यासाठी आतलं दार उघडून धरलं. बाई आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा दात बसला होता आणि त्या जिभेने त्याची ओळख करून घेत होत्या. "उंच नाही," त्यांनी जाहीर केलं. "आता मला नाटकगृहात जायचंय. आज पडदा टांगायचाय. शिडी धरायला उंच माणूस हवा. येता?"

नाटकगृह रिकामं होतं, आणि त्यात दिवसाउजेडीही अंधार होता. रंगमंचावर तीन-चार कामगार, वर दोऱ्या ओढणारा एक जण, आणि समोरच्या खुर्च्यांत व्यवस्थापक आणि संध्याकाळच्या तालमीला लवकर आलेले काही नट चहा पीत बसलेले. पडदा कड्यांवर चढवायला दुपार गेली. मास्तरांनी शिडी धरली, मग स्वतःच शिडीवर चढले, मग मखमलीचं ओझं खांद्यावर घेऊन उभे राहिले. शेवटी दोन्ही भाग टांगले गेले आणि मधोमध येऊन मिटले. बाई आतल्या बाजूने खाली वाकून दुमड जमिनीला टेकते का बघत होत्या. मास्तर शेजारी उभे होते. बाहेरचं जग पडद्यापलीकडे गेलं होतं.

"बाई," मास्तर म्हणाले. "मला काहीच होत नाही, आणि त्याचाच मला त्रास होतोय."

बाई वाकलेल्याच राहिल्या. "म्हणजे नक्की काय?"

"म्हणजे टोचत नाही, ओढत नाही, जड वाटत नाही. मग संध्याकाळी तुम्हाला फोन काय म्हणून करायचा? मी कारण शोधत बसतो. दात सापडत नाही."

"मग आणखी एक पाडून घेणार आहात का?"

"लागला तर घेईन. वरचे बरेच आहेत. पण त्यापेक्षा मी म्हणतो, आपण एकाच घरात राहिलो तर फोनचं कारणच लागणार नाही. मला तुमच्याशी लग्न करायचंय, असं माझं म्हणणं आहे, आणि हे मी आधी सांगायला हवं होतं, पण तेव्हा ओठ बधिर होता आणि तुम्हाला वाटलं असतं मी भलतंच काहीतरी—"

दोऱ्या ओढणाऱ्याने नेमका त्याच वेळी पडदा उघडून बघितला. मखमल दोन्ही बाजूंना सरसर सरकली आणि मास्तर हात पसरून, तोंड उघडं ठेवून सगळ्या नाटकगृहासमोर उभे राहिले. नटांनी चहाचे कप खाली ठेवले. एक जण म्हणाला, "पुढे?" दुसऱ्याने त्याला गप्प केलं.

बाई उभ्या राहिल्या. हसू दाबायला त्यांनी तोंडावर हात धरला, पण आता दोन्ही ओठ शाबूत होते आणि दोन्ही बाजूंनी हसू येत होतं. ते दाबलं जाईना. "मिटा," त्यांनी वर बघून हाक दिली. "जरा मिटून बघू परत."

पडदा मिटला. आत काय बोलणं झालं ते बाहेर कुणाला ऐकू आलं नाही. मखमल चांगली जाड होती आणि आतून अस्तर लावलेलं होतं. व्यवस्थापकाने दोनदा खाकरून पाहिलं. मग आतून मास्तरांचा हसण्याचा आवाज आला, मग दोघांचा, आणि तो थांबेचना. शेवटी नटांनीच टाळ्या वाजवल्या, कारण पडद्यासमोर बसल्यावर त्यांना दुसरं काही सुचेना.

संध्याकाळी मास्तर बाईंना घरी घेऊन आले. वाटेत ते ताईला कसं सांगायचं याची जुळवाजुळव करत होते. दार उघडताच ताईने बाईंना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "आवाजावरून मला तुम्ही ठेंगण्या वाटला होतात. या." मग मास्तरांकडे वळून, "पाणी ठेव चहाला. सांगायचं काही राहिलंय असं वाटत असेल तर राहू दे, मला सगळं माहीत आहे."

बाई आत आल्या. चहा होईपर्यंत त्या खोलीभर नजर फिरवत होत्या, आणि ती नजर खिडक्यांवर अडकली. खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवलेली होती.

"हे काय?" त्या म्हणाल्या.

"ऊन येतं," ताई म्हणाली. "याला किती वर्षं सांगतेय पडदे आण म्हणून."

बाईंनी गळ्यातली टेप काढली. चहा गार होत गेला. ताई म्हणत होती जाड हवं, बाई म्हणत होत्या पातळ आणि आत अस्तर, ताई म्हणाली निळं, बाई म्हणाल्या या भिंतीला निळं मरून जाईल, आणि ताईला आयुष्यात पहिल्यांदाच तोडीस तोड कुणी भेटलं होतं, त्यामुळे ती खुशीत येऊन आणखी जोरात भांडू लागली. मास्तर स्टुलावर चढून टेपचं वरचं टोक धरून उभे होते. त्यांचा हात भरून आला होता, मुंग्या यायला लागल्या होत्या, पण ते खाली उतरले नाहीत.